दिवा का विझत नाही?



लॅपटॉपच्या कडेला बारीक दिव्यांची एक रांग असते. एक दिवा वीज चालू असल्याचा, एक बॅटरीचा. तिसऱ्याजवळ लहानशा डब्याचं चित्र असतं. हा दिवा हार्ड डिस्कचा. डिस्कवर काही वाचलं किंवा लिहिलं जात असेल तेवढा वेळ तो पेटतो आणि काम झालं की विझतो. आपण फाइल उघडली, तो लुकलुकला, शांत झाला, की सगळं ठीक. पण आपण काहीच करत नाही, हात मांडीवर आहेत, आणि तरीही दिवा तासन्‌तास पेटलेला आहे, आतून खरखर ऐकू येते आहे, टाइप केलेला शब्द पडद्यावर यायला अर्धा मिनिट लागतो आहे, असा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना आला असेल. त्या न विझणाऱ्या दिव्याविषयी आज बोलायचं आहे.

मी कवी माणूस, मराठी घेऊन बी.ए. झालेला. संगणकशास्त्राशी कॉलेजात कधी संबंध आला नाही. पण गेली वीसेक वर्षं लिहितो ते संगणकावरच, आणि ज्या यंत्रात आपले शब्द राहतात त्याची थोडीतरी माहिती लिहिणाऱ्याला असावी, असं मला वाटतं. पूर्वीचे लिहिणारे बोरू कसा तासायचा आणि शाई कशी करायची हे जाणत होतेच ना! मला जे समजलं ते बरंचसं माझ्या भाचीकडून. ती पुण्यात याच क्षेत्रात नोकरी करते आणि मामूला समजेल अशा भाषेत सांगायची तिची तयारी असते.

आधी ही डिस्क म्हणजे काय ते पाहू. बंद डबीत गुळगुळीत तबकड्या एकावर एक बसवलेल्या असतात आणि त्या गरगर फिरत असतात. लॅपटॉपमधल्या डिस्कचा नेहमीचा वेग मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे सेकंदाला नव्वद. तबकडीवरून एक दांडी पुढे-मागे सरकते आणि तिच्या टोकावरचं हेड चुंबकीय खुणा वाचतं, लिहितं. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते, इथलं हेड टेकत नाही. ते तबकडीच्या वर तरंगत असतं आणि मधलं अंतर आपल्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी असतं. अशा प्रकारची पहिली डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात होतं आणि एवढ्या धुडात पन्नास लाख अक्षरं मावत. आज तळहाताएवढ्या डबीत त्याच्या लाखो पट मजकूर राहतो. पण तत्त्व तेच, फिरणारी तबकडी आणि धावणारं हेड.

हे धावणं महत्त्वाचं आहे. एका जागेचं वाचून हेडला दुसऱ्या जागी जायला आणि तबकडीवरची नेमकी जागा खाली येईपर्यंत थांबायला साधारण पंधरा मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका सेकंदात साठ-सत्तर खेपा. आपल्याला हा वेग भन्नाट वाटेल, पण संगणकाची तात्पुरती स्मरणशक्ती, जिला आपण रॅम म्हणतो, ती याच्या लाखभर पट चपळ असते. तेव्हा सगळ्या यंत्रात फिरती हार्ड डिस्क हा सर्वांत सावकाश चालणारा गडी. तो अडला की बाकीचे सगळे हात बांधून उभे राहतात. लॅपटॉप ‘हँग’ झाला असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा झालेलं असतं ते एवढंच.

आता मुख्य प्रश्न. आपण काही करत नसताना हा गडी कोणाचं काम करतो?

याची काही कारणं अगदी निरुपद्रवी आहेत. विंडोज आपल्या फाइलींची एक सूची तयार करत असते, पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी. आपण शोध घेतला की उत्तर चटकन मिळावं म्हणून ही सूची. तिच्यासाठी प्रत्येक नवी फाइल उघडून पाहावी लागते. विषाणूविरोधी प्रोग्रॅम त्याच्या वेळेला सगळ्या फाइली तपासतो. नवे सुधारित भाग इंटरनेटवरून उतरवून घेतले जातात. फोटो आणि कागदपत्रं ऑनलाइन साठवणाऱ्या सेवा आपली प्रत जुळवत असतात. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून विंडोजमध्ये आणखी एक सोय आहे. आपण रोज कोणते प्रोग्रॅम वापरतो ते पाहून ते आधीच रॅममध्ये आणून ठेवायचे. तिचं जुनं नाव सुपरफेच, आता सिसमेन. शिवाय विखुरलेल्या फाइली एकत्र लावायचं काम ठरावीक दिवसांनी चालतं.

यातली पुष्कळ कामं यंत्र रिकामं असताना उरकायची, असंच ठरवून दिलेलं असतं. म्हणून गंमत अशी होते, की आपण चहा प्यायला उठलो की दिवा पेटतो, आणि परत येऊन माउस हलवला की थोड्या वेळात मंदावतो. तसं होत असेल तर काळजी करू नका. लॅपटॉप नवीन घेतला असेल, विंडोजचा मोठा सुधारित भाग नुकताच बसला असेल किंवा लग्नाचे दोन-चार हजार फोटो एकदम आत टाकले असतील, तर चार्जर लावून, आपोआप झोपी जाण्याची सोय बंद करून, लॅपटॉप रात्रभर चालू ठेवावा. सकाळी दिवा शांत झालेला असतो.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट सांगायला हवी. युनिकोडच्या आधीच्या काळातले देवनागरी फाँट ज्यांनी वापरले, त्यांच्या जुन्या फाइलींत पडद्यावर मराठी दिसतं; पण आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. सूची करणारा प्रोग्रॅम त्या फाइली इमानेइतबारे वाचतो, डिस्क झिजवतो, आणि आपण ‘पाऊस’ शोधायला गेलो की एकही फाइल हाती लागत नाही. अशा फाइलींचा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतला तर डिस्कची ती मेहनत आपल्या उपयोगी पडते. माझ्या जुन्या कविता मी अशाच एकेक करून आणल्या.

दुसरं कारण रॅम अपुरी पडण्याचं. ते समजायला स्वयंपाकघर पाहा. ओटा म्हणजे रॅम आणि फडताळ म्हणजे डिस्क. ओटा भरला की काही डबे फडताळात ठेवावे लागतात आणि लागतील तेव्हा काढावे लागतात. संगणकही असंच करतो. रॅम भरली की त्यातला काही भाग डिस्कवर राखून ठेवलेल्या जागेत नेऊन ठेवतो. ही युक्ती पहिल्यांदा वापरली ती इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठाच्या अ‍ॅटलस संगणकात, १९६२ साली. फार उपयोगी युक्ती आहे. पण ओटा फारच लहान असला तर बाईचा सगळा दिवस डबे ठेवण्या-काढण्यात जातो आणि भाजी चुलीवर चढतच नाही. संगणकाच्या या अवस्थेचा अभ्यास पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली मांडला. चार जीबी रॅमचा लॅपटॉप, आजचे जड ब्राउझर आणि त्यात उघडलेली वीस-पंचवीस पानं, हा त्यातलाच प्रकार. यावर उपाय दोन. पानं मिटायची किंवा रॅम वाढवायची. अनेक लॅपटॉपांत रॅम वाढवता येते; काहींत ती कायमची डकवलेली असते, म्हणून आधी विचारून घ्यावं.

मग आपल्या यंत्रात नेमकं कोणतं कारण आहे, हे कसं ओळखायचं? अंदाज बांधत बसू नये, कारण विंडोज ते स्वतःच सांगते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात चालू असलेल्या प्रोग्रॅमांची यादी असते आणि ‘डिस्क’ नावाचा रकाना असतो. त्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की डिस्क सर्वांत जास्त वापरणारा प्रोग्रॅम यादीत वर येतो. शेजारी ‘मेमरी’चा रकाना आहे. तिथे नव्वद-पंच्याण्णव टक्के दिसत असेल, तर ओटा भरलेला आहे असं समजा.

डिस्कच्या रकान्यावर १०० टक्के असा आकडा दिसला की लोक घाबरतात. त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. डिस्क भरली, असा तो अर्थ नाही. डिस्कने फार मोठं काम केलं, असाही नाही. डिस्कला क्षणाची उसंत मिळाली नाही, एवढाच तो अर्थ. एक मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभर मेगाबाइटपर्यंत वाचते. पण तबकडीवर इकडून तिकडे धावत कण कण गोळा करायचे असतील तर सेकंदाला अर्धा मेगाबाइटही पदरात पडत नाही. दोन्ही वेळा आकडा १०० च दिसतो. पोत्याने धान्य उचलणारा हमाल आणि सांडलेले दाणे वेचणारा माणूस दोघंही दिवसभर राबतातच की.

म्हणून आणखी एक पायरी खाली उतरावं लागतं. टास्क मॅनेजरमधून ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडता येतो. त्यातल्या डिस्कच्या पानावर कोणता प्रोग्रॅम कोणती फाइल वाचतो आहे, हे नावानिशी दिसतं आणि शेवटी ‘रिस्पॉन्स टाइम’ असतो. म्हणजे मागणी केल्यापासून उत्तर मिळेपर्यंतचा वेळ, मिलिसेकंदांत. कामाची गर्दी असेल तर हा आकडा थोडा वेळ शंभर-दोनशेवर जाणं समजू शकतो. पण काम किरकोळ आणि हा आकडा सतत हजारांत, म्हणजे एकेका उत्तराला सेकंदच्या सेकंद, असं असेल तर गोष्ट वेगळी आहे. तिथे दोष मागणाऱ्याचा नसतो.

माझ्या लॅपटॉपवर हेच झालं. २०२३ सालचा पावसाळा होता आणि यंत्र सात वर्षांचं. त्याच आठवड्यात मी सांगली जिल्ह्यातल्या आमच्या खालाकडे जाऊन आलो होतो. खाला तेव्हा त्र्याऐंशी वर्षांची. घरात आम्ही दखनी बोलतो; पण जात्यावर बसली की खाला मराठीतच ओव्या गाते, तिच्या शेजारणींबरोबर गायली तशाच. लॅपटॉपला माइक जोडून मी तिच्या ओव्यांच्या बारा फाइली ध्वनिमुद्रित केल्या. घरी आलो त्या रात्रीपासून दिवा विझेना.

भाचीला फोन लावला. तिने एकेक कारण बाजूला काढायला सांगितलं. ब्राउझर बंद केला. मेमरीचा आकडा उतरला, दिवा तसाच. सूची करणारी सेवा थांबवली, फरक नाही. मग रिसोर्स मॉनिटर उघडला. विषाणूविरोधी प्रोग्रॅम एकाच फाइलीवर अडून बसला होता. ती होती खालाच्या ओव्यांची नववी फाइल. रिस्पॉन्स टाइम सहा हजार, कधी नऊ हजार. मी आकडे वाचून दाखवले. फोनवर जरा वेळ शांतता. मग ती म्हणाली, “मामू, आता कशालाही हात लावू नका. आधी कॉपी. बाकी सगळं नंतर.”

काय घडत होतं ते तिने समजावून सांगितलं. तबकडीवरची एखादी जागा वाचता येईनाशी झाली, तर डिस्क लगेच हार मानत नाही. ती पुन्हा पुन्हा वाचून बघते, आणि तेवढा वेळ बाकीच्या सगळ्या मागण्या दाराशी खोळंबतात. विषाणू शोधणारा प्रोग्रॅम निमित्तमात्र होता. डिस्क धडधाकट असती, तर तीच फाइल त्याने काही सेकंदांत वाचून हातावेगळी केली असती.

डिस्कला आपली प्रकृती स्वतः नोंदवून ठेवायची सोय असते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम ती नोंद वाचून दाखवतो. त्यात दोन आकडे पाहायचे. खराब झाल्यामुळे बदलून दिलेल्या जागा किती, आणि वाचता न आल्यामुळे टांगणीला लागलेल्या जागा किती. दोन्ही शून्य असावेत. गूगलने आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. तपासणीत पहिला दोष सापडल्यानंतर साठ दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता, दोष न सापडलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट असते, असं त्यात दिसलं. त्याच अभ्यासाने हेही दाखवलं, की निकामी झालेल्या कितीतरी डिस्कांनी आधी अशी कोणतीच खूण दिली नव्हती. म्हणजे नोंद वाईट असेल तर विश्वास ठेवा. चांगली असेल तर गाफील राहू नका.

गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने बघताक्षणी सांगितलं, “काका, फॉरमॅट मारू, नवीन विंडोज टाकू, एकदम फ्रेश होईल.” दुसऱ्याने डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची आज्ञा चालवायची तयारी केली. श्रोतेहो, हे दोन्ही उपाय आपापल्या जागी बरोबर आहेत, पण आजारी डिस्कवर नव्हेत, निदान पहिल्या दिवशी नव्हेत. फॉरमॅट केलं की फाइली गेल्या. आणि दुरुस्तीची ती आज्ञा सगळी तबकडी कोपरा न् कोपरा वाचायला लावते. शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कला तेवढी मेहनत सोसेलच असं नाही. मी दोघांचेही आभार मानून लॅपटॉप बंद केला आणि पुण्याची गाडी पकडली.

भाचीने डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि डीडीरेस्क्यू नावाच्या मोफत प्रोग्रॅमने तिची प्रत घ्यायला लावली. या प्रोग्रॅमचं शहाणपण मला फार आवडलं. जे सहज वाचता येतं ते तो आधी उतरवून घेतो. जिथे अडतं ती जागा तो टिपून ठेवतो आणि पुढे जातो. सगळं सोपं हाती आलं, की मग मागे येऊन अडलेल्या जागांशी झगडतो. डिस्कचा बहुतेक भाग चार तासांत आला. उरलेल्या थोड्या जागांसाठी रात्र आणि दुसरा दिवस गेला. तरी काही जागा शेवटपर्यंत वाचता आल्या नाहीत.

बारापैकी अकरा फाइली पूर्ण मिळाल्या. नवव्या फाइलीत एका ठिकाणी साडेतीन सेकंद आवाज नाही. दिवाळीच्या सुमारास मी त्या खालाला ऐकवल्या. ती रिकामी जागा आली, तेव्हा खालाने गेलेले शब्द स्वतःच म्हटले आणि मला विचारलं, मी इथं थांबले होते का रे? मी म्हटलं, तू नाही, यंत्र थांबलं होतं. ते शब्द मी वहीत लिहून घेतले. खाला गेल्या वर्षी गेली. ती साडेतीन सेकंद आता वहीतच आहेत.

त्या लॅपटॉपमध्ये भाचीने फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवली. तिच्यात तबकडी नाही, हेड नाही, हलणारं काहीच नाही, म्हणून इकडून तिकडे धावण्याचा वेळही नाही. जुना लॅपटॉप अजून चांगला चालतो. ज्यांच्याकडे फिरत्या डिस्कचा लॅपटॉप आहे आणि दिव्याचा त्रास आहे, त्यांनी नवं यंत्र घेण्याआधी हा उपाय जरूर करून पाहावा. एसएसडी बसवल्यावर मात्र जुन्या फिरत्या डिस्कसाठी असलेले विखुरलेल्या फाइली एकत्र लावायचे प्रोग्रॅम तिच्यावर चालवू नयेत; त्याचा उपयोग नसतो आणि उगीच झीज होते. आणि एक ध्यानात ठेवा. फिरती डिस्क बहुधा कुरकुर करून आजारपण सांगते. एसएसडी आवाज करत नाही, आणि पुष्कळ नव्या लॅपटॉपांवर तो दिवाही ठेवलेला नसतो. तेव्हा नव्या यंत्रात प्रतीची गरज कमी झालेली नाही, उलट वाढली आहे.

दोन सूचना धोक्याच्या. डबीतून टक्-टक्, टक्-टक् असा ठरावीक ठोका ऐकू येत असेल, तर हेडलाच दुखापत झालेली असू शकते. लॅपटॉप तिथल्या तिथे बंद करावा. आणि दिवा सतत पेटलेला असताना आपल्या फाइलींची नावं आपोआप बदलू लागली, शेवटी विचित्र अक्षरं जोडली जाऊ लागली, तर तो खंडणीखोर विषाणू असू शकतो. तेव्हा विचार करत बसू नका, आधी इंटरनेट तोडा, यंत्र बंद करा आणि जाणकाराला बोलवा.

प्रतीचा नियम सोपा आहे. मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. मुलांचे फोटो, आईवडिलांचे आवाज, जमिनीचे कागद, पोरीचा प्रबंध, कोणाची कविता. प्रोग्रॅम पुन्हा मिळतात, विंडोज पुन्हा बसवता येते. या गोष्टी पुन्हा मिळत नाहीत.

तेव्हा दिवा विझत नसेल तर तीन बटणं दाबा, रकाना पाहा, फाइलीचं नाव वाचा. मात्र त्याच्याही आधी, जे परत मिळणार नाही ते दुसरीकडे उतरवून ठेवा.